करड्या सांडपाण्याचा शौचालयांसाठी पुनर्वापर : एक चिकित्सा
(उस्मानपुरा परिसरातील महाविद्यालयांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहरातील उस्मानपुरा हा भाग शैक्षणिक संस्थांचा परिसर म्हणून ओळखला जातो. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, शासकीय तंत्रनिकेतन, देवगिरी महाविद्यालय यांसारख्या संस्था आणि त्यांच्या आधाराने वाढलेली वसतिगृहे, खानावळी व अभ्यासिका यांमुळे येथे दररोज हजारो विद्यार्थ्यांची ये-जा असते. ज्या शहरात हा परिसर वसला आहे, त्या शहराला मात्र सुमारे पन्नास किलोमीटर अंतरावरील पैठणच्या नाथसागरातून पाणी उपसून, उंचावर चढवून आणावे लागते. १९७६ मध्ये जायकवाडी धरण राष्ट्राला अर्पण झाले, तरीही धरणात पाणी आणि शहरात टंचाई हा विरोधाभास अनेक दशके कायम राहिला. समांतर जलवाहिनीचा करार २०११ मध्ये झाला आणि २०१६ मध्ये महानगरपालिकेने तो संपुष्टात आणला. डिसेंबर २०२० मध्ये १६८० कोटी रुपयांच्या नव्या योजनेचे भूमिपूजन झाले. मे २०२२ मध्ये नागरिकांना पाण्यासाठी मोर्चा काढावा लागला. या काळात महाविद्यालयांनी आपली गरज कूपनलिका आणि टँकर यांवर भागविली.

अशा परिस्थितीत स्नानाचे, हात धुण्याचे व कपडे धुण्याचे पाणी शुद्ध करून शौचालयांच्या फ्लशसाठी वापरावे, ही कल्पना स्वाभाविकपणे आकर्षक वाटते. चर्चासत्रांतील शोधनिबंधांमध्ये, विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांमध्ये आणि संस्थांच्या वार्षिक अहवालांमध्ये ती वारंवार मांडली जाते. तथापि तिचा पुरस्कार जेवढा झाला, तेवढी तिची चिकित्सा झालेली नाही. प्रस्तुत लेखात या कल्पनेचे मूळ, तिची गृहीतके, तिच्या पाठीशी असलेले नियम आणि उस्मानपुऱ्यासारख्या नागरी महाविद्यालयीन परिसरात तिची उपयुक्तता यांचा विचार करावयाचा आहे. पाणी वाचवावे की वाचवू नये, हा येथे प्रश्न नाही. कोणते पाणी, कोठे, कोणाच्या श्रमाने आणि कोणत्या क्रमाने वाचवावे, हा प्रश्न आहे.

संज्ञा आणि परंपरा

शौचालयातील मलमूत्रयुक्त पाणी सोडून घरातील उर्वरित सांडपाण्याला अलीकडे ‘करडे सांडपाणी’ असे म्हटले जाते. काही लेखक ‘राखाडी पाणी’ अशीही संज्ञा वापरतात. दोन्ही शब्द भाषांतरित आहेत व बोलीत अद्याप रुजलेले नाहीत. असे असले तरी व्यवहार मात्र नवा नाही. मराठी घरातील न्हाणीचे पाणी मागील दारी केळीच्या वा अळूच्या वाफ्यात सोडले जात असे. मोरीचे पाणी वाया जाऊ नये आणि ते दारात साचूही नये, अशी दुहेरी काळजी त्या व्यवस्थेत होती. तेथे यंत्र नव्हते, गाळणी नव्हती. माती आणि मुळे हेच शुद्धीकरणाचे साधन होते.

या परंपरेकडे केवळ कौतुकाने पाहून चालणार नाही. परसबागेतील पुनर्वापरात पाणी उतारानेच जात होते, ते पुन्हा घरात येत नव्हते आणि त्याचा मानवी शरीराशी पुन्हा संबंध येत नव्हता. शौचालयाच्या फ्लशसाठी तेच पाणी वापरताना ते साठवावे लागते, वर चढवावे लागते, बंद खोलीत पुन्हा आणावे लागते आणि फ्लश करताना त्याचे तुषार हवेत उडतात. म्हणजेच परंपरेचा दाखला देऊन आधुनिक योजनेचे समर्थन करता येत नाही. ती योजना स्वतःच्या कसोटीवर उतरावी लागते.

या शहराला जलव्यवस्थापनाचा मोठा वारसा आहे. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकी वसविताना नहर-ए-अंबरीची योजना केली. डोंगरातील झिरपणारे पाणी भूमिगत मार्गाने उतारावर शहरात आणणारी ही व्यवस्था पुढील काळातील पाणचक्कीच्या नहरीलाही मार्गदर्शक ठरली. पाणचक्कीत उंचावरून पडणारे पाणी पिठाची चक्की फिरवी आणि हौदही भरी. एकाच पाण्याकडून दोन कामे घेण्याची दृष्टी येथे पूर्वीपासून होती. मात्र या सर्व रचनांमध्ये जमिनीच्या उताराचा अभ्यास आधी आणि बांधकाम नंतर, असा क्रम होता. आजच्या योजनांमध्ये हा क्रम अनेकदा उलटा झालेला दिसतो.

आधारभूत प्रयोग आणि त्याचे मूल्य

भारतात शैक्षणिक संस्थांमधील करड्या पाण्याच्या पुनर्वापराची जी चर्चा होते, तिच्या मुळाशी नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेचे (नीरी) कार्य आहे. या संस्थेने युनिसेफच्या सहकार्याने मध्य प्रदेशातील धार व झाबुआ या आदिवासीबहुल जिल्ह्यांतील आश्रमशाळांमध्ये करड्या पाण्याचे प्रयोग केले आणि २००७ मध्ये ग्रामीण शाळांसाठी एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. पुढे २००९ मध्ये गॉडफ्रे, लाभशेटवार आणि वटे यांनी तेथील निवासी शाळांमधील व्यवस्थेचा खर्च व लाभ यांचा अभ्यास मांडला. लाभ खर्चापेक्षा अधिक असल्याचा त्यांचा निष्कर्ष होता.

या कार्याचे मोल निःसंशय मोठे आहे. आश्रमशाळांत शौचालये बांधली गेली होती, परंतु पाण्याअभावी ती वापरात येत नव्हती. मुलांच्या स्नानाचे पाणी निवळण टाकी, खडी व वाळूची गाळणी आणि क्लोरीन यांमधून नेऊन ते शौचालयांसाठी उपलब्ध करून देण्यात आले. महागडे तंत्रज्ञान न वापरता, स्थानिक साहित्यातून हे साध्य झाले. पाणी वाचविणे हा तेथे दुय्यम हेतू होता. बंद पडलेले शौचालय मुलामुलींसाठी उघडणे हा मुख्य हेतू होता, असे म्हणता येईल. हेतूची ही स्पष्टता या प्रयोगाचे सर्वांत मोठे बलस्थान होय.

तथापि हा प्रयोग ज्या अटींवर यशस्वी झाला, त्या अटी मागे ठेवून केवळ आराखडा उचलणे योग्य ठरत नाही. या अटी प्रामुख्याने तीन होत. पहिली, शाळा निवासी होती; त्यामुळे ज्या आवारात स्नान होत होते, त्याच आवारात शौचालयाची गरज होती. दुसरी, इमारती लहान व एकमजली स्वरूपाच्या असल्याने पाणी दूर वा उंच न्यावे लागत नव्हते. तिसरी, पर्यायी पाणी जवळजवळ नव्हतेच. त्यामुळे व्यवस्था बंद पडली तर तिची उणीव त्याच दिवशी जाणवत होती. उस्मानपुऱ्यातील बहुमजली आणि मुख्यतः अनिवासी महाविद्यालयांत या तिन्ही अटी अंशतःच पूर्ण होतात. ग्रामीण निवासी शाळेसाठीच्या मार्गदर्शिकेचा हा दोष नव्हे. तिचा संदर्भ न तपासता तिचे अनुकरण करणाऱ्यांचा तो दोष आहे.

पाणी कोठे निर्माण होते?

हा मुद्दा आकड्यांच्या साह्याने तपासणे उपयुक्त ठरेल. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ नुसार अनिवासी शैक्षणिक संस्थेत प्रतिव्यक्ती दररोज ४५ लिटर पाण्याची गरज धरली जाते. त्यांपैकी २० लिटर फ्लशसाठी असते. निवासी संस्थेत हे प्रमाण १३५ लिटर असून त्यांपैकी ४५ लिटर फ्लशसाठी धरतात. पाणीपुरवठ्याच्या रूढ पाठ्यपुस्तकांत १३५ लिटरांच्या विभागणीत स्नानासाठी ५५ व कपडे धुण्यासाठी २० लिटर दिलेले असतात. म्हणजे वसतिगृहातील एका विद्यार्थ्यामागे सुमारे ७५ लिटर करडे पाणी मिळू शकते.

आता ३००० अनिवासी आणि ३०० वसतिगृहवासी विद्यार्थी असलेले एक महाविद्यालय कल्पनेने घेऊ. वसतिगृहातून मिळणारे करडे पाणी २२,५०० लिटर होईल. वसतिगृहाची स्वतःची फ्लशची गरज १३,५०० लिटर असेल. उरलेले ९,००० लिटर पाणी शैक्षणिक इमारतींकडे नेले, तरी तेथील गरज ६०,००० लिटर आहे; म्हणजे केवळ १५ टक्के गरज भागेल. शैक्षणिक इमारतींमध्ये हात धुण्याचे पाणी दरडोई दोन-तीन लिटर धरले तरी ते ६ ते ९ हजार लिटरच होते आणि तेही मजल्या-मजल्यांवरील अनेक बेसिनमध्ये विखुरलेले असते. ते एकत्र आणण्यासाठी लागणारी नळजोडणी पाण्यापेक्षा महाग पडते.

यावरून एक साधी गोष्ट लक्षात येते. करडे पाणी वसतिगृहात निर्माण होते, तर फ्लशची मोठी गरज वर्गखोल्यांच्या इमारतींत असते. पुरवठ्याची जागा आणि मागणीची जागा यांची येथे फारकत आहे. ‘संपूर्ण परिसराच्या शौचालयांसाठी पुनर्वापर’ असा जो दावा केला जातो, तो या फारकतीकडे दुर्लक्ष करतो.

याच आकड्यांचा दुसरा अर्थ अधिक महत्त्वाचा आहे. अनिवासी विद्यार्थ्यामागे धरलेले २० लिटर म्हणजे दहा लिटरच्या टाकीचे दोन वापर होत. त्याऐवजी सहा आणि तीन लिटरची दुहेरी फ्लश टाकी बसविली व एक पूर्ण आणि एक अर्धा वापर धरला, तर गरज ९ लिटरवर येते. ३००० विद्यार्थ्यांमागे दररोज ३३,००० लिटरची बचत होते. हा आकडा वसतिगृहातून मिळणाऱ्या एकूण करड्या पाण्याहूनही मोठा आहे. तिच्यासाठी ना गाळणी लागते, ना पंप, ना क्लोरीन. बादली व मग्ग्याचा वापर असलेल्या भारतीय पद्धतीच्या शौचकूपात तर प्रत्यक्ष वापर संहितेतील आकड्याहून कमीच असण्याचा संभव आहे. म्हणूनच पुनर्वापराचा आराखडा करण्यापूर्वी मापन हवे. फ्लशच्या पाण्याला स्वतंत्र जलमापक नसताना किती पाणी वाचले हे सांगणे म्हणजे तराजूविना वजन सांगणे होय.

काळाचा प्रश्न

जागेप्रमाणेच काळाचीही फारकत येथे आहे. मराठवाड्यात पाण्याची टंचाई सर्वाधिक तीव्र असते ती एप्रिल व मे महिन्यांत. याच काळात परीक्षा संपतात, सुट्या लागतात आणि वसतिगृहे रिकामी होतात. म्हणजे ज्या दिवसांत बचतीची सर्वाधिक गरज, त्या दिवसांत करड्या पाण्याचा झराच आटतो. याउलट जुलै ते सप्टेंबर या काळात वसतिगृहे भरलेली असतात, पण तेव्हा छतावरील पावसाचे पाणीही उपलब्ध असते.

पावसाचे पाणी साठवता येते, तसे करडे पाणी साठवता येत नाही. साबण, त्वचेवरील तेलकट द्रव्ये, केस, कपड्यांचे तंतू यांमुळे त्यात जैविक पदार्थ असतात. चोवीस तासांहून अधिक काळ ते शुद्धीकरणाविना राहिले की प्राणवायू संपतो, पाणी काळे पडते व दुर्गंधी सुटते. त्यामुळे पावसाळ्यातील करडे पाणी उन्हाळ्यासाठी राखून ठेवण्याचा मार्ग बंद आहे. सुटीनंतर बंद पडलेली गाळणी पुन्हा सुरू करताना ती पूर्ण धुवावी लागते. अन्यथा पहिल्याच आठवड्यात वास येतो आणि विद्यार्थी तक्रार करतात. महाविद्यालयीन वेळापत्रकाचा हा परिणाम आराखड्यात अपवादानेच विचारात घेतला जातो.

गुणवत्ता आणि दुहेरी नळ

केंद्रीय सार्वजनिक आरोग्य व पर्यावरण अभियांत्रिकी संघटनेच्या २०१३ च्या नियमपुस्तिकेत फ्लशसाठी वापरावयाच्या शुद्ध केलेल्या पाण्याची जी गुणवत्ता सुचविली आहे, ती कडक आहे. जैविक प्राणवायू मागणी प्रतिलिटर १० मिलिग्रॅमच्या मर्यादेत असावी, मलजन्य जिवाणू नसावेत आणि अवशिष्ट क्लोरीन प्रतिलिटर किमान १ मिलिग्रॅम असावा, अशी अपेक्षा आहे. खडी-वाळूच्या साध्या गाळणीतून गेलेले पाणी दिसावयास स्वच्छ असले तरी या कसोटीवर रोजच्या रोज उतरेलच असे नाही. स्नानाच्या पाण्यातही मलजन्य जिवाणू असू शकतात. तपासणी नियमित नसेल, तर ‘शुद्ध’ या विशेषणाला आधार राहत नाही. येथे महाविद्यालयांची एक अनुकूलता नमूद करावयास हवी. रसायनशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्र विभागांना ही तपासणी अध्यापनाचाच भाग म्हणून करता येईल. ती वर्षभर केली गेली, तर प्रत्येक महाविद्यालय स्वतःच्या पाण्याबद्दल प्रामाणिकपणे बोलू शकेल.

त्याहून गंभीर धोका दुहेरी नळांचा आहे. नेदरलँड्समधील उत्रेख्त शहराजवळील लाइडशे राइन या नव्या वसाहतीत फ्लश इत्यादींसाठी दुय्यम दर्जाच्या पाण्याची स्वतंत्र वाहिनी टाकली होती. २००१ मध्ये ही वाहिनी पिण्याच्या पाण्याच्या वाहिनीशी चुकून जोडली गेली व रहिवाशांना पोटाचे विकार झाले. २००३ मध्ये तेथील शासनाने अशा मोठ्या दुहेरी योजना थांबविण्याचा निर्णय घेतला. तेथील दुय्यम पाणी सांडपाणी नव्हते, तर अंशतः शुद्ध केलेले भूपृष्ठजल होते, हे ध्यानात घेतले म्हणजे धोक्याची तीव्रता कळते. आपल्याकडील इमारतींमध्ये दुरुस्तीचे काम वेगवेगळ्या नळकारागिरांकडून, बहुधा मूळ नकाशा न पाहता होते. गच्चीवर टाक्या शेजारी-शेजारी असतात. टाकी कोरडी पडली की ‘तात्पुरती’ जोडणी केली जाते आणि ती कायमची होते. नळांना वेगळा रंग देणे, जोडाची मापे वेगळी ठेवणे व नकाशा अद्ययावत ठेवणे ही दक्षता नसेल, तर पाणी वाचविण्याच्या उत्साहात आरोग्य गमावण्याची वेळ येऊ शकते.

जपानमधील फुकुओका शहराचे उदाहरण वेगळी दिशा दाखविते. १९७८ च्या भीषण टंचाईनंतर त्या शहराने सांडपाणी केंद्रात शुद्ध केलेले पाणी मोठ्या इमारतींना फ्लशसाठी पुरविण्यास आरंभ केला. शुद्धीकरणाची जबाबदारी तेथे प्रशिक्षित यंत्रणेकडे राहिली. प्रत्येक इमारतीने स्वतःची छोटी यंत्रणा उभारावी, असे नव्हते. आपल्याकडे नागपूरचे शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला दिले जाते, ते याच तत्त्वाचे उदाहरण होय. छत्रपती संभाजीनगरातही कांचनवाडी येथे मोठे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे. उस्मानपुऱ्यातील महाविद्यालयांनी स्वतंत्र यंत्रणा उभारण्यापूर्वी तेथील पाणी बागा व बांधकामांसाठी मिळविण्याचा सामूहिक आग्रह का धरू नये, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

पुनर्वापर ‘घाण’ वाटतो, अशी भावना अनेकदा अडसर म्हणून सांगितली जाते. शहरातून वाहणारी खाम नदी वर्षानुवर्षे नागरी सांडपाणी वाहून नेत गोदावरीकडे, म्हणजे नाथसागराकडे जाते. आपण पितो ते पाणी नाथसागरातीलच आहे. न सांगितलेला, न मोजलेला आणि अनियंत्रित असा पुनर्वापर आपण आधीच स्वीकारलेला आहे. त्या तुलनेत मोजलेला व तपासलेला पुनर्वापर अधिक सुसंस्कृत ठरतो. २०२१ पासून खाम नदीच्या पुनरुज्जीवनाचे जे काम हाती घेण्यात आले, त्याचा अर्थ या दृष्टीनेही समजून घेतला पाहिजे.

गाळणी कोण साफ करणार?

या विषयावरील लेखनात सर्वांत कमी चर्चा झालेला प्रश्न श्रमाचा आहे. करड्या पाण्याच्या यंत्रणेतील केसांची जाळी जवळजवळ रोज, निवळण टाकीतील गाळ ठरावीक दिवसांनी आणि वाळूचा वरचा थर काही आठवड्यांनी साफ करावा लागतो. आराखड्यात हे काम ‘देखभाल’ या एका शब्दात संपते. प्रत्यक्षात ते कोणाच्या तरी हातांनी होते आणि ते हात बहुतांश ठिकाणी कंत्राटी सफाई कामगारांचे असतात. हातमोजे, गमबूट, साबण व आंघोळीची सोय यांची तरतूद अंदाजपत्रकात क्वचितच असते.

ज्या शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये महाविद्यालय स्थापन केले आणि ज्यांनी त्याआधी १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याच्या हक्काचा सत्याग्रह केला, त्यांचा वारसा सांगणाऱ्या विद्यानगरीत हा प्रश्न टाळता येणार नाही. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेस प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा गटारे व मलटाक्यांची धोकादायक सफाई साधनांविना करून घेण्यास मनाई करतो. करड्या पाण्याची टाकी कायद्याच्या शब्दांत त्यात बसेल किंवा नाही, हा तांत्रिक वाद बाजूला ठेवू. जुन्या इमारतींत न्हाणीची व शौचालयाची वाहिनी अनेकदा एकच असते. अशा वेळी ‘करडे’ म्हणविले जाणारे पाणी प्रत्यक्षात मैलायुक्त असते आणि कायद्याचा आत्मा तेथे निश्चितच लागू होतो.

उस्मानपुऱ्यातील रंगमंदिराला संत एकनाथांचे नाव आहे आणि आपल्या जलाशयालाही नाथांचेच. नाथांच्या घरी श्रीखंड्याने कावडीने पाणी भरले, ही कथा मराठी माणसाला परिचित आहे. पाणी भरणारा कोण आहे याची विचारपूस झालीच पाहिजे, असाही त्या कथेचा एक अर्थ लावता येतो. आपल्या परिसरातील पाणी वाचविणाऱ्याची विचारपूस आपण करतो काय?

या प्रश्नाची दुसरी बाजू विद्यार्थिनींची आहे. शौचालयात पाणी नसेल तर त्याला कुलूप लागते. कुलूप लागले की मुली दिवसभर पाणी पिण्याचे टाळतात आणि त्याचे परिणाम आरोग्यावर होतात. म्हणून फ्लशच्या पाण्याचा प्रश्न हा मुळात उपस्थितीचा व शिक्षणाचा प्रश्न आहे. पुनर्वापराची यंत्रणा बंद पडल्यास पर्यायी पाण्याची सोय आराखड्यात नसेल, तर त्याची किंमत प्रथम विद्यार्थिनींना मोजावी लागेल. आश्रमशाळांतील प्रयोगाचा खरा धडा हाच होता.

नियम, मूल्यांकन आणि कागद

डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावलीत करड्या पाण्याच्या पुनर्वापराची तरतूद आहे. १५०० चौरस मीटर वा अधिक बांधकाम किंवा दररोज २०,००० लिटर पाणीवापर असलेल्या शैक्षणिक इमारतींना ती लागू होते. तरतुदीचा हेतू स्वागतार्ह आहे. परंतु बांधकामाचे क्षेत्रफळ हा निकष करड्या पाण्याच्या उपलब्धतेविषयी काहीच सांगत नाही. वसतिगृह नसलेली मोठी इमारत आणि वसतिगृह असलेली लहान इमारत यांत पुनर्वापराची क्षमता दुसरीत अधिक असते. नियमाने मात्र पहिलीला आधी पकडले आहे.

मूल्यांकनाचा प्रभावही असाच दुहेरी आहे. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेने (नॅक) आपल्या सुधारित चौकटीत सातव्या निकषाखाली जलसंधारणाच्या पाच सुविधांची यादी दिली होती. सांडपाण्याचा पुनर्वापर ही त्यांतील एक. किती सुविधा आहेत यावर श्रेयांक ठरत होता. यामुळे पाण्याचा विषय प्राचार्यांच्या टेबलावर आला, हे श्रेय त्या चौकटीला दिलेच पाहिजे. परंतु सुविधा ‘आहे’ की ‘नाही’ एवढेच विचारले गेल्याने ती ‘चालते’ की ‘नाही’ हा प्रश्न मागे पडला. भौगोलिक स्थान नोंदविलेले टाकीचे छायाचित्र पुरावा ठरले. त्या टाकीतून किती लिटर पाणी गेले, हे विचारले गेले नाही. मोजमापाविना केलेली गणना गुण देते, पाणी देत नाही.

निष्कर्ष आणि सूचना

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतील. पहिला, पुनर्वापर हा बचतीच्या साखळीतील शेवटचा दुवा असावा. गळती थांबविणे, फ्लश टाक्यांची क्षमता घटविणे व मापन करणे ही पावले त्याआधीची आहेत. दुसरा, शौचालयांसाठी करड्या पाण्याचा पुनर्वापर वसतिगृहापुरता मर्यादित ठेवल्यास तो सर्वाधिक यशस्वी होण्याची शक्यता आहे; तेथे पुरवठा व मागणी एकाच छताखाली असतात आणि उरलेले पाणी बागेला देता येते. तिसरा, नवे वसतिगृह बांधताना न्हाणीची व शौचालयाची वाहिनी स्वतंत्र ठेवणे हा अत्यल्प खर्चाचा निर्णय आहे. जुन्या इमारतीत तोच बदल अतिशय खर्चिक होतो. यंत्रणा आज बसवायची नसली, तरी वाहिन्या आजच वेगळ्या असाव्यात. चौथा, वसतिगृह नसलेल्या महाविद्यालयांनी छतावरील पावसाचे पाणी व महानगरपालिकेचे शुद्ध केलेले सांडपाणी यांना प्राधान्य द्यावे. पाचवा, सफाई कामगारांच्या साधनांचा, प्रशिक्षणाचा व वेतनाचा खर्च हा यंत्रणेच्या मूळ खर्चातच धरावा. तो धरल्यानंतर योजना परवडत नसेल, तर ती पूर्वीही परवडत नव्हती, असेच समजावे.

समारोप

करड्या पाण्याच्या पुनर्वापराची कल्पना सदोष नाही. तिचे स्थान ठरविण्यात आपली गल्लत होत आहे. मध्य प्रदेशातील आश्रमशाळांनी एका विशिष्ट गरजेला एक विशिष्ट उत्तर दिले. उस्मानपुऱ्यातील महाविद्यालयांची गरज वेगळी असल्याने त्यांचे उत्तरही वेगळे असावयास हवे. ते शोधण्यासाठी लागणारे अभियंते, रसायनशास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ आणि प्रश्न विचारणारे विद्यार्थी याच परिसरात आहेत. एखाद्या महाविद्यालयाने एका वसतिगृहाच्या पाण्याची वर्षभराची नोंद जरी प्रसिद्ध केली, दररोज आलेले, शुद्ध झालेले, वापरलेले व वाया गेलेले पाणी आणि यंत्रणा बंद पडल्याचे दिवस यांसह, तरी आजवरच्या अनेक प्रस्तावांपेक्षा ती अधिक मोलाची ठरेल. तशी नोंद ठेवण्यासाठी एक जलमापक, एक वही आणि ती रोज भरणारा एक जबाबदार माणूस पुरेसा आहे.